चार पेल्यांचा इतिहास

चहाविषयीं बोलतांना आपल्याकडे दोनच प्रश्न विचारण्याची वहिवाट आहे: साखर किती आणि दूध किती. पानें कोठलीं, कोणत्या झाडाचीं, तीं कोणीं खुडलीं, हे प्रश्न सहसा कोणी काढीत नाहीं. आंब्याच्या बाबतींत असें होत नाहीं. रत्नागिरीचा हापूस आणि गोव्याचा मानकुराद यांतील भेद ज्यास कळत नाहीं तो मनुष्य आपल्या समाजांत अरसिक गणला जातो. भाताचा नुसता वास घेऊन हा आंबेमोहोर आहे कीं नाहीं, हें आपल्या घरांतील बायका बिनचूक सांगतात. परंतु ज्या पेयावांचून आपला दिवस उगवत नाहीं, त्याच्या कुळशीलाविषयीं आपण इतके उदासीन कां? याचा विचार करूं लागतां आमच्या ध्यानांत आलें कीं, चहाची चव आणि चहाचा इतिहास हीं एकमेकांत इतकीं गुंतलेलीं आहेत कीं, एकाचा विचार दुसऱ्यावांचून पुरा होत नाहीं.

म्हणून एके दिवशीं सकाळीं आम्हीं एक साधा प्रयोग केला. चीनमधील कीमुन, हिमालयांतील दार्जिलिंग, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील आसाम आणि लंकेंतील उवा, अशा चार ठिकाणचा काळा चहा मिळविला. चहाची परीक्षा करण्यासाठीं तो कसा तयार करावा याचें आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८० सालीं ठरलेलें आहे: दर १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा, पाणी नुकतेंच उकळलेलें, आणि मुदत ६ मिनिटें. त्याप्रमाणें पांढऱ्या चिनी मातीच्या पेल्यांत चारी चहा झांकून ठेवले. दूध आणि साखर हीं दोन्ही आम्हीं वर्ज्य केलीं. धंदेवाईक परीक्षक चमचाभर चहा मोठा आवाज करून ओढून घेतात, कारण तसें केल्यानें हवेबरोबर त्याचा वास घशाच्या मागून नाकापर्यंत पोंचतो. बैठकींत जें असभ्य तें परीक्षेंत आवश्यक. तेव्हां आम्हीहि ती लाज कांहीं वेळ बाजूस ठेविली.

आसामचा चहा दाट, तांबूस तपकिरी, जिभेवर भार टाकणारा. त्याला नाचणीच्या सत्त्वाची आठवण व्हावी असा गोडसर धान्यवास होता. उवाचा चहा तांब्याच्या रंगाचा, चुणचुणीत तुरट, आणि घोट गिळल्यावर मागें पुदिन्यासारखी थंडाई ठेवणारा. कीमुन गडद तांबडा, पण चवीला मऊ; त्यांत कोकोची छटा आणि फार दुरून आल्यासारखा धूर. दार्जिलिंगचा रंग सर्वांत फिका, आणि वास मात्र पिकल्या द्राक्षांच्या घडासारखा. आतां नकाशा पाहिला तर दार्जिलिंग आणि आसाम हे शेजारी. तेव्हां त्यांची चव जवळची असावी अशी आमची अटकळ होती. प्रत्यक्षांत आसामचें नातें समुद्रापलीकडील लंकेच्या पेल्याशीं जुळलें, आणि दार्जिलिंगचें नाजूकपण हिमालयापलीकडील कीमुनच्या अंगानें जाणारें निघालें. जीभ एक सांगते आणि भूगोल दुसरेंच, तेव्हां इतिहासास साक्षीला बोलावणें भाग पडतें.

प्रथम झाडाची गोष्ट. हिरवा चहा आणि काळा चहा हीं दोन निरनिराळ्या झाडांचीं पानें आहेत, असा यूरोपांत फार दिवस समज होता. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७६२ सालीं या दोन चहांना दोन स्वतंत्र जातींचीं नांवें दिलीं. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्यानें चीनमध्यें हिंडून, दोन्ही चहा एकाच झाडापासून होतात आणि भेद आहे तो केवळ कृतींत, हें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रत्यक्ष पाहून सांगितलें. पान खुडून सुकवावें, मळून त्याचा रस बाहेर आणावा, आणि हवेंत ठेवून तांबूस होऊं द्यावें. मग भट्टींत वाळविलें कीं काळा चहा तयार झाला. मधल्या पायरीला मळेवाले ‘आंबविणें’ म्हणत आले, परंतु खरें पाहतां तें आंबणें नव्हे. कापलेलें सफरचंद जसें हवेनें काळवंडतें तशीच ही क्रिया आहे. झाड मात्र एक असलें तरी त्याचीं घराणीं दोन आहेत: बारीक पानाचें, थंडी सोसणारें चिनी झुडूप, आणि मोठ्या पानाचें, मोकळें वाढूं दिल्यास चांगला वृक्ष होणारें आसामी झाड.

या दोन घराण्यांची गांठ हिंदुस्थानांत कशी पडली, हा या इतिहासाचा गाभा होय. ईस्ट इंडिया कंपनीचा चीनशीं व्यापाराचा मक्ता १८३३ च्या कायद्यानें संपला. चहासाठीं चीनवर अवलंबून राहणें तिला आतां परवडेना. तेव्हां १८३४ सालीं लॉर्ड बेंटिंक यानें एक समिति नेमून हिंदुस्थानांत चहा लावण्याची खटपट सुरू केली, आणि बीं व कारागीर आणण्यासाठीं गॉर्डन नांवाच्या गृहस्थास चीनला धाडलें. गंमत अशी कीं, ज्याचा शोध चालला होता तें झाड घरांतच होतें. आसामच्या पूर्व टोंकाचे सिंगफो लोक आपल्या रानांतल्या चहाचीं पानें पूर्वीपासून वापरीत होते. रॉबर्ट ब्रूस यास १८२३ सालीं सिंगफो नायक बीसा गाम याच्याकडून त्याची माहिती मिळाली होती. समितीनें १८३४ च्या अखेरीस हें झाड खरोखर चहाचेंच असल्याचें जाहीर केलें. तरीसुद्धां मन चीनवरून उठेना. रानांत वाढलेलें तें झाड उतरलेल्या वाणाचें, चिनी बीज तेवढें कुलीन, असा शास्त्रज्ञांनीं निवाडा दिला, आणि चिनी रोपें आसामांत आणून लाविलीं. तेथल्या दमट उष्ण हवेंत तीं नीट वाढलीं नाहींत; उलट त्यांचा आसामी झाडाशीं संकर होऊन पुढील मळेवाल्यांस पुष्कळ पश्चात्ताप करावा लागला. स्थानिक पानांपासून चार्ल्स ब्रूस यानें करविलेल्या चहाच्या ८ पेट्या १० जानेवारी १८३९ रोजीं लंडनच्या लिलांवांत उभ्या राहिल्या, आणि कुतूहलापोटीं त्यांना अवाच्या सवा किंमत आली. त्याच वर्षीं आसाम कंपनी स्थापन झाली.

ज्या चिनी बीजानें आसामांत दगा दिला, तेंच हिमालयाच्या थंडींत मात्र रुजलें. १८४१ सालीं डॉक्टर कॅम्पबेल यानें दार्जिलिंग येथें आपल्या बागेंत तें लाविलें, आणि १८५० नंतरच्या दशकांत तेथें व्यापारी मळे उभे राहिले. दार्जिलिंगचा पेला कीमुनकडे झुकतो याचें एक मोठें कारण हें आहे. उलटपक्षीं लंकेंत कॉफीचें राज्य होतें. तेथें १८६७ सालीं जेम्स टेलर यानें कँडीजवळ लूलकंदुरा येथें १९ एकरांत आसामी चहा लाविला. दोनच वर्षांनीं, १८६९ मध्यें, कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि पुढें ते मळे बसले. त्यांच्या जागीं चहा आला. म्हणून उवाच्या पेल्यांत आसामचें रक्त आहे. त्यांतील थंडाई मात्र त्या डोंगरांवर जुलै ते सप्टेंबरपर्यंत वाहणाऱ्या कोरड्या वाऱ्याची देणगी होय.

राहिला कीमुन. चीनचा म्हणून आम्हीं त्यास चौघांत वडील समजलों होतों. वू-यी पर्वतांतील काळा चहा खरोखरच जुना आहे; ‘बोहिया’ हें त्याचें इंग्रजी नांव त्या पर्वताच्याच नांवाचा अपभ्रंश होय. परंतु कीमुन परगण्यांत पूर्वी हिरवा चहा होत असे. काळा चहा तेथें १८७५ च्या सुमारास सुरू झाला. म्हणजे लंडनच्या बाजारांत आसाम उभा राहिला त्यानंतर सुमारें ३६ वर्षांनीं ज्याचा जन्म, तो चहा आमच्या मेजावर पितामहाच्या आसनावर बसला होता. नांवावरून वय ठरविण्याची चूक बेंटिंकच्या समितीनें केली. दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर तीच आमच्याहि हातून झाली.

यांतून चवीविषयींची एक गोष्ट निष्पन्न होते. रुचि ही निसर्गसिद्ध वाटते, परंतु ती बऱ्याच अंशीं संवयीचें लेंकरूं आहे. लंडनच्या परीक्षकांनीं प्रथम आसामचा चहा चिनी मापानें मापिला, आणि त्यांना तो उग्र वाटला. चिनी चहास जोर आणण्यासाठीं त्यांत मिसळावयाचा माल, एवढीच त्याची योग्यता ठरली. पुढें गिऱ्हाइकास तो जोरच आवडूं लागला. १८८८ सालीं इंग्लंडांत हिंदी चहाची आयात चिनी चहाहून अधिक झाली, आणि मग चिनी चहाच पाणचट ठरूं लागला. झाड तेंच, जीभहि तीच. बदललें तें माप.

पण ही विजयाची कथा येथें थांबविली तर आम्ही वाचकांची फसवणूक केल्यासारखें होईल. मणिराम देवान या आसामी गृहस्थानें इंग्रजांस या झाडाचा सुगावा लागण्यास मदत केली असें सांगतात. तो आसाम कंपनीचा दिवाण होता; पुढें ती नोकरी सोडून त्यानें जोरहाटजवळ स्वतःचे मळे काढले आणि चहाचा धंदा हिंदी माणसासहि करतां येतो हें दाखविलें. १८५७ च्या धामधुमींत आहोम राजवंश पुन्हां गादीवर बसविण्याच्या खटपटीबद्दल त्यास पकडण्यांत आलें, आणि २६ फेब्रुवारी १८५८ रोजीं जोरहाट येथें फांशी दिलें. त्याचे मळे लिलांवांत गेले.

आणि ज्यांच्या हातांनीं पानें खुडलीं त्यांचें काय झालें? आसामांत मजूर पुरेनात, म्हणून छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओरिसा, मध्यप्रांत येथून आरकाट्यांनीं माणसें भरून नेलीं. १८६५ च्या कायद्यानें पळून जाणाऱ्या मजुरास वॉरंटावांचून पकडण्याचा अधिकार मळेवाल्यास दिला, आणि १८८२ च्या कायद्यानें तो चालू ठेविला. १९२१ च्या मे महिन्यांत चरगोला खोऱ्यांतील हजारों मजूर मळे सोडून घरच्या वाटेस लागले, तेव्हां चांदपूर स्टेशनावर रात्रीं गुरखा शिपायांनीं त्यांना झोडपून काढलें. लंकेंतील मळ्यांवर राबणाऱ्या तामिळ मजुरांची गत निराळी, पण सुखाची नव्हे. तो देश १९४८ सालीं स्वतंत्र होतांच त्याच वर्षाच्या कायद्यानें त्यांतील बहुतेकांस नागरिकत्व नाकारण्यांत आलें.

आमच्या महाराष्ट्रांतहि चहानें एकदां मोठें वादळ उठविलें. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्यास पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर चहाबिस्किटें पुढें आलीं. रानडे, टिळक, गोखले यांसारखी मंडळी तेथें होती. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापविलीं, आणि मग ग्रामण्य, शंकराचार्यांकडे फिर्याद, प्रायश्चित्त असा प्रकार पुष्कळ दिवस चालला. त्या वादांत शब्दांचा केवढा खर्च झाला! परंतु सगळा प्रश्न इतकाच होता कीं, तो पेला कोणाच्या हातचा घेतला. पेला पुढें करणाऱ्या हाताची एवढी चौकशी झाली. पान खुडणाऱ्या हाताची चौकशी दोन्ही पक्षांपैकीं कोणाच्या मनांत आल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. इकडे पुण्यांत प्रायश्चित्ताचा काथ्याकूट चालला होता, त्याच वेळीं तिकडे आसामांत १८८२ चा कायदा अंमलांत होता.

आमच्या उदासीनतेचा इतिहास हा असा आहे. चहा आपल्याकडे रानांतून किंवा शेतांतून आला नाहीं. तो पेटींतून आला. १९०३ च्या कायद्यानें निर्यातीवर बसविलेल्या पट्टीच्या पैशांतून पुढें त्याची जाहिरात रेल्वेच्या स्टेशनांपर्यंत पोंचली. १९३० सालीं आसामांत निघालेल्या, पान चिरडून, फाडून, वळविणाऱ्या यंत्रानें दाणेदार चहा स्वस्त झाला. तो दुधांत उकळला कीं कोणत्या मळ्याचा हें ओळखण्याचें कारणच उरत नाहीं. त्या चहाची आम्हांस निंदा करावयाची नाहीं; थंडीच्या पहांटे तोच आम्हांसहि लागतो. परंतु ज्या वस्तूचें गांव विसरतें, तेथल्या माणसांचें सुखदुःख विसरण्यास फार वेळ लागत नाहीं.

अलीकडे दार्जिलिंगच्या नांवास कायद्याचें संरक्षण मिळालें आहे. भौगोलिक निर्देशनाची हिंदुस्थानांतील पहिली नोंद २००४ सालीं त्याचीच झाली. परक्या पानास तें नांव लावतां येऊं नये, ही व्यवस्था योग्यच आहे. त्यायोगें भूमीचा मान राखला गेला. खुडणाऱ्या हातांचा मान राखण्याचें काम मात्र नुसत्या नांवाच्या नोंदीनें होण्यासारखें नाहीं. वाचकांपैकीं ज्यांस सवड असेल त्यांनीं एक दिवस दूधसाखर बाजूस ठेवून असेच तीनचार पेले मांडून पाहावेत. कोणता चहा श्रेष्ठ, हा निकाल आम्ही देत नाहीं. तो ज्याच्या त्याच्या जिभेचा अधिकार आहे. आमचे पेले निवेपर्यंत त्या दिवशीं साखरेची गोष्ट कोणी काढली नाहीं. मंडळींतील एका वृद्ध गृहस्थांनीं आसामचा पेला पुन्हां जवळ ओढला आणि एवढेंच विचारलें, “हा खुडणाऱ्यांना दिवसाकाठीं काय मिळतें हो?”