तेरा नंबरचा तळ

अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर केप कॅनाव्हरल नावाचं ठिकाण आहे. तिथं समुद्रालगत अग्निबाण सोडण्याचे तळ एका ओळीनं बांधले होते. त्यांतल्या १३ क्रमांकाच्या तळाची ही हकिकत.

हा तळ बांधला तो चंद्रावर जाण्यासाठी नव्हे. शीतयुद्धाचे दिवस होते. अणुबॉम्ब घेऊन थेट दुसऱ्या खंडावर जाऊन पडणारं ‘अ‍ॅटलास’ हे क्षेपणास्त्र तयार होत होतं. १९५८ पासून त्याच्या चाचण्या इथं सुरू झाल्या. म्हणजे या तळाचा जन्म भीतीतून झाला.

पुढं त्याच अ‍ॅटलासवर वरचा टप्पा चढवून उपग्रह पाठवले जाऊ लागले. १० ऑक्टोबर १९६३ रोजी हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार अमलात आला. आठवडाभरातच इथून ‘व्हेला’ उपग्रहांची पहिली जोडी गेली. कुणी चोरून अणुस्फोट करतो का, यावर त्यांनी नजर ठेवायची होती. ज्या अस्त्राची धास्ती, त्याच्याच पाठीवर हा पहारेकरी बसून गेला!

१९६६ आणि १९६७ मध्ये ‘लूनर ऑर्बिटर’ मालिकेतली पाचही यानं इथूनच निघाली. माणसाला चंद्रावर उतरायला जागा शोधायची होती. ही यानं चंद्राभोवती फिरत फोटो काढत, फिल्म यानातच धुतली जाई आणि चित्रं रेडिओलहरींनी पृथ्वीवर येत. २३ ऑगस्ट १९६६ रोजी पहिल्या यानानं चंद्राजवळून आपल्या पृथ्वीचाच फोटो घेतला. त्यात देशांच्या सीमा कुठून दिसणार?

मात्र, मंडळी, हा तळ काही एकदम साधुसंत झाला नाही. १९७८ सालचं त्याचं शेवटचं उड्डाण हेरगिरीच्या उपग्रहाचं होतं. त्यानंतर तो ओस पडला. खारा वारा लोखंड खात राहिला. २००५ मध्ये मनोरा पाडला, २०१२ मध्ये नियंत्रण कक्षही गेला.

२०१५ मध्ये स्पेसएक्स कंपनीनं ही जागा भाड्यानं घेतली, ती अग्निबाण सोडायला नव्हे, उतरवून घ्यायला. त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या रात्री जवळच्याच तळावरून ‘फाल्कन-९’ अकरा उपग्रह घेऊन उडाला आणि त्याचा खालचा टप्पा दहाएक मिनिटांत इथं येऊन उभा राहिला. उपग्रह कक्षेकडं पाठवून अग्निबाणाचा टप्पा असा उभाच्या उभा जमिनीवर परतण्याची ही पहिलीच वेळ. जिथून अ‍ॅटलास पुन्हा न परतण्यासाठी जात, तिथं आता वाट पाहिली जाऊ लागली.

पुढं तेही पर्व संपत आलं. आता दुसऱ्या कंपन्या इथून नवे अग्निबाण सोडण्याच्या तयारीत आहेत. जागा तीच आहे. तिथून बॉम्ब पाठवायचा, पहारेकरी पाठवायचा की कॅमेरा, हे दर वेळी माणसांनीच ठरवलं. यापुढंही त्यांनाच ठरवावं लागणार आहे.