‘नेटिव्ह’ : एका विशेषणाचा इतिहास

१/ ‘तुमचे नेटिव्ह प्लेस कोणते?’ मुंबईत हा प्रश्न सहज विचारला जातो आणि उत्तरादाखल कोकणातले वा घाटावरचे एखादे गाव सांगितले जाते. याच ‘नेटिव्ह’ विशेषणावरून एके काळी न्यायाधीशाचा अधिकार ठरत असे. त्या शब्दाचा हा प्रवास.

२/ लॅटिनमध्ये ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला आणि ‘नातिवुस’ म्हणजे जन्मजात. मध्ययुगीन इंग्लंडच्या दस्तऐवजांत मात्र जन्मतःच जमीनदाराशी बांधल्या गेलेल्या भूदासालाही ‘नातिवुस’ म्हणत. ‘त्या भूमीत जन्मलेला’ हा साधा अर्थ आणि दास्याची ही छटा, दोन्ही या शब्दकुळात फार जुन्या आहेत.

३/ कंपनी सरकारच्या कागदपत्रांत साधा अर्थ प्रचलित होता. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे लढलेली पायदळाची पलटण ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’ची होती. त्या काळच्या मराठीने या विशेषणाला भारदस्त प्रतिशब्द दिला : ‘एतद्देशीय’.

४/ मुंबई इलाख्यातील आरंभीच्या शाळा आणि क्रमिक पुस्तके यांच्याशी निगडित संस्थेचे नावच ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ होते. बाळशास्त्री जांभेकर तिचे ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ होते. पुढे १८६४ मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी मुंबईत ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र सुरू केले. एतद्देशीयांनाही स्वतःचे मत आहे, हे त्या नावातच सांगितलेले होते.

५/ १८७० च्या ब्रिटिश कायद्याने ‘नेटिव्ह ऑफ इंडिया’ची व्याख्या केली. येथे तात्पुरत्या कामासाठी न आलेल्या, येथेच नित्य वास्तव्य असलेल्या आईबापांच्या पोटी ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला आणि येथेच स्थायिक असलेला माणूस तीत येई. वर्णाचा उल्लेख तीत नव्हता.

६/ व्यवहारात मात्र वर्णच मोजला जाई. मुंबई-कलकत्त्यासारख्या इलाखा-शहरांत हिंदी न्यायाधिकारी युरोपीय आरोपीचा खटला चालवू शके. जिल्ह्याच्या ठिकाणी तोच अधिकारी ‘नेटिव्ह’ म्हणून अपात्र ठरे. परीक्षा तीच, हुद्दा तोच. आड येई ते हे विशेषण.

७/ ही विसंगती दूर करण्यासाठी व्हाइसरॉय रिपन यांच्या कारकिर्दीत, १८८३ मध्ये, इल्बर्ट विधेयक आले. युरोपीय समाजाने त्याविरुद्ध प्रचंड गदारोळ केला. अखेर १८८४ मध्ये तडजोड झाली : युरोपीय आरोपीला किमान निम्मे युरोपीय वा अमेरिकन सदस्य असलेली ज्यूरी मागता येऊ लागली. सुशिक्षित हिंदी समाजाने यातून संघटनेचा धडा घेतला.

८/ १८८५ मध्ये पलटणींच्या नावांतून ‘नेटिव्ह’ शब्द गळाला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत एक सभा भरली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु त्या सभेने स्वतःसाठी निवडलेले विशेषण लक्षात ठेवावे : ‘इंडियन’ नॅशनल काँग्रेस.

९/ म्हणून जुन्या कागदात ‘नेटिव्ह’ दिसताच तो शिवी समजू नये, निरुपद्रवीही मानू नये. तो कोणी, कोणाविषयी आणि कोणता अधिकार देताना वा नाकारताना लिहिला, हे आधी पाहावे. मंडलिकांच्या पत्राच्या नावात तो स्वाभिमानाचा होता. १८८३ च्या वादात तोच अपात्रतेचा शिक्का झाला. आज आपण गावाची वाट सांगताना तो उच्चारतो, तेव्हा त्यात उरतो केवळ जन्मभूमीचा मूळ अर्थ.

(समाप्त)