मोड मोठ्याने वाचण्याची रीत

प्रवासी विमान उतरू लागले की एक वैमानिक समोरच्या पडद्यावरचे काही शब्द मोठ्याने वाचतो: ‘स्पीड, ग्लाइड स्लोप, लोकलायझर’. दुसरा ते स्वतः पाहतो आणि ‘चेक्ड’ म्हणतो. हे शब्द पडद्याच्या माथ्यावरील अरुंद पट्टीत उमटतात. वैमानिक तिला ‘एफएमए’ म्हणतात. इंजिनांचा जोर कशावरून ठरतो आहे, विमान कोणत्या हिशेबाने खाली येते आहे आणि कोणती दिशा धरून आहे, हे या पट्टीवरून कळते.

पूर्वी अशा पट्टीची गरज नव्हती. लॉरेन्स स्पेरीने 1914 साली पॅरिसजवळ सीन नदीवर ऑटोपायलटचे जे उपकरण उडवून दाखवले, त्याचे काम विमान समतोल ठेवणे एवढेच होते. 1980च्या दशकात संगणक आले आणि उतरण्याच्या एकाच कामासाठी अनेक मोड, म्हणजे यंत्रणेने काम करण्याच्या पद्धती, झाले. त्यांतले काही ठरावीक क्षणी आपोआप बदलतात. त्यात 1988मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए-320मध्ये ऑटोथ्रस्ट ही यंत्रणा इंजिनांचा जोर कमीजास्त करत असताना जोराचे लिव्हर जागचे हलत नाहीत. जुन्या विमानांत लिव्हरवर ठेवलेल्या हाताला बदल जाणवत असे. आता तो डोळ्यांनीच टिपायचा होता.

याची किंमत भारताने लवकर मोजली. 14 फेब्रुवारी 1990 रोजी इंडियन एअरलाइन्सचे 605 क्रमांकाचे ए-320 विमान मुंबईहून बंगळूरला निघाले. बंगळूरला हवा स्वच्छ होती. अखेरच्या टप्प्यात विमान ‘ओपन डिसेंट’ मोडमध्ये गेले. या मोडमध्ये इंजिने किमान जोरावर राहतात आणि वेग राखायचा तो नाक खालीवर करून. इथे मात्र उंची टिकवण्यासाठी नाक वर घेतले गेले आणि वेग घटत गेला. ऑटोथ्रस्टने वेग सांभाळावा यासाठी दोन्ही बाजूंचे फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे विमान कसे धरायचे ते वैमानिकाला पडद्यावर दाखवणारे दर्शक, बंद हवे होते. एक बंद झाला, दुसरा चालूच राहिला. 132 नॉट अपेक्षित असताना वेग 106 नॉटपर्यंत उतरला. जोर वाढवला तेव्हा उशीर झाला होता, कारण किमान जोरावरच्या जेट इंजिनाला पूर्ण ताकद धरायला काही सेकंद लागतात. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले आणि 146 पैकी 92 जण मृत्युमुखी पडले.

हा मोड कसा लागला, हे चौकशीत निश्चित ठरले नाही. मिनिटाला 700 फूट हा उतरण्याचा दर लावायचा असताना शेजारच्या बटणावर 700 फूट ही उंची लावली गेली असावी, ही एक शक्यता मांडली गेली. बंगळूरचा तेव्हाचा विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे 2,900 फुटांवर होता. 700 फुटांची ती पातळी जमिनीच्या पोटात होती. तिथे पोहोचून विमान सपाट होण्याचा प्रश्नच नव्हता. देशातील ए-320 विमाने त्यानंतर काही महिने जमिनीवरच ठेवली गेली.

1992मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर्गजवळच्या विमान अपघातात 87 जणांचा बळी गेला. तिथे 3.3 अंशांचा उतार ठेवायचा होता, पण मिनिटाला 3,300 फूट हा दर लागला असावा, असे तपासातून पुढे आले. नदीन सार्टर आणि डेव्हिड वुड्स या संशोधकांनी अशा गल्लतीचा अभ्यास करून ‘मोडचे भान’ हा स्वतंत्र विषय म्हणून मांडला. याच दशकात पट्टीवरील प्रत्येक बदल उच्चारण्याची शिस्त पक्की होत गेली. एअरबसच्या मूलभूत नियमांतही एफएमएचे भान सतत ठेवण्याला स्थान मिळाले. भारतीय रेल्वेत लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, त्यामागचा विचार हाच आहे: जे तोंडाने सांगायचे ते आधी पाहावे लागते आणि चुकले तर दुसऱ्याला ऐकू येते.

तरीही उच्चार म्हणजे आकलन नव्हे. सिम्युलेटरमध्ये नजरेचा माग घेणाऱ्या 2001च्या एका अभ्यासात अनुभवी वैमानिकांकडूनही पट्टीवरचे अनेक बदल निसटलेले दिसले. 6 जुलै 2013 रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाचे बोइंग 777 उतरताना ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’मध्ये, म्हणजे जोर आपणहून न बदलणाऱ्या मोडमध्ये, गेला होता. तो वेग सांभाळतो आहे या समजुतीत वेग घटत गेला, विमान समुद्राकाठच्या बांधावर आपटले आणि तीन प्रवासी दगावले.

म्हणून उच्चाराला आज कृतीची जोड आहे. पट्टीवर अपेक्षित मोड नसेल तर बटणांशी झटत न बसता ऑटोपायलट काढून विमान हाती घ्यावे, असे शिकवले जाते. साधारण 1,000 फुटांपर्यंत वेग, जोर आणि उतार स्थिर झाले नाहीत, तर उतरणे सोडून पुन्हा वर जायचे असते.