गर्दीची चाळणी

सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडसारख्या गावातला इंजिनिअर सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीत मागे पडला, की दोष त्याच्या कोडिंगवर किंवा इंग्रजीवर ढकलला जातो. नवशिक्यांची ही मुलाखत घडत कशी गेली हे पाहिले, तर ती गुणवत्ता पारखण्यापेक्षा गर्दी कमी करण्यासाठीच बेतलेली दिसते. 1983 साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. त्याच वर्षी शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि पदवी दुसरबीडच्याच बुलढाणा जिल्ह्यात मिळू लागली. नोकऱ्या मात्र पुण्या-मुंबईकडे होत्या; 1991 मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आल्यावर तिकडेच वाढल्या. एकेका कंपनीला हजारोंनी नवी मुले लागू लागली, तसा कॅम्पसवर साचा बसला: दहावी, बारावी आणि पदवीला साठ टक्के, मग ॲप्टिट्यूड, टेक्निकल आणि शेवटी एचआर राउंड. या साच्यातून मेकॅनिकल आणि सिव्हिलची मुलेही सॉफ्टवेअरमध्ये गेली. प्रोग्रामिंग शिकवायला कंपन्या समर्थ होत्या. इन्फोसिसने तर म्हैसूरला त्यासाठी अख्खे संकुल उभारले. कोड लिहिता येणे हीच कसोटी असती, तर हे घडलेच नसते.

लाखो अर्ज आल्यावर चाळणी लागणारच, हा कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. पण दहावीचे गुण मुलाइतकेच त्याच्या शाळेचेही असतात, आणि पुढे कितीही चांगले काम केले तरी ते बदलत नाहीत. टीसीएसने 2018 मध्ये देशभरासाठी एकच ऑनलाइन परीक्षा आणली; त्यामुळे आपल्या कॉलेजात कंपनी येते की नाही, या प्रश्नाचा जाच कमी झाला. तेवढ्याने अन्याय संपला, असे मात्र म्हणता येत नाही, कारण परीक्षेनंतर इंग्रजीतली तोंडी मुलाखत उरतेच. इंग्रजी कामाला लागते हे मान्य. पण कागदपत्रे वाचण्यापुरते इंग्रजी आणि अनोळखी माणसासमोर सफाईने बोलण्याचे इंग्रजी यांत फरक आहे, आणि दुसरे पुष्कळदा घर आणि शाळा पुरवतात. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये अनेक दशकांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. सर्वांना सारखे प्रश्न विचारणारी मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना यांवरून पुढच्या कामगिरीचा अंदाज सैल गप्पांपेक्षा चांगला येतो, असे त्यांना आढळले. तेव्हा साठ टक्क्यांची अट काढावी, सर्वांना एकच छोटे काम द्यावे आणि त्याच्यावरचे प्रश्न उमेदवाराला सोयीच्या भाषेत विचारावेत. चाळणी राहील, पण ती कामाची असेल.