माइल्ड म्हणजे सौम्य नव्हे

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या एका ब्रूपबमध्ये मी पहिल्यांदा डार्क माइल्ड एल मागवली. काळपट रंग बघून वाटलं, कडक असणार. निघाली जेमतेम साडेतीन टक्क्यांची! म्हणजे माइल्ड म्हणजे सौम्यच ना? इथेच आपण फसतो.

जुन्या इंग्लंडमध्ये माइल्ड म्हणजे ताजी बिअर. महिनोन्‌महिने पिंपात मुरवलेली ती 'स्टेल'. आपल्याकडे ताजं लोणचं आणि मुरलेलं लोणचं, तसंच. एकोणिसाव्या शतकातली माइल्ड बरेचदा फिकट आणि चांगली कडक असे. रंग पुढे हळूहळू गडद झाला. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आली, सरकारी निर्बंध आले, कर वाढले आणि बिअर पातळ झाली. खाणीतले, कारखान्यांतले कामगार तीच पीत राहिले.

माझा पेला बर्फासारखा गार, चव लागेना. इंग्लंडच्या पबमध्ये ही तळघरात 12-13 अंशांवर ठेवतात. म्हणून थोडा वेळ थांबलो. मग भाजलेल्या पावाची कड, काकवी, किंचित कोको असं एकेक उलगडत गेलं, कडवटपणा नावालाच.

युद्धाने पेय बदललं, नाव तेच राहिलं. आज आपण त्या नावाचा अर्थ पेल्यात बघून लावतो. भेटू पुढच्या भागात.