सरकारी वकिलाच्या खुर्चीपासून दिल्लीच्या पीठापर्यंत

३० ऑक्टोबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्जनसिंह खटल्याचा निकाल दिला. जमीनसुधारणांच्या कायद्यांना अभय देणारी सतरावी घटनादुरुस्ती वैध ठरली, आणि पाच न्यायमूर्तींपैकी कुणीही ती रद्द करा असे म्हटले नाही. तरी दोघांनी आपापली निकालपत्रे वेगळी लिहून शंका नोंदवली. विशेष बहुमत जमले की मूलभूत हक्कांचे वाटेल ते करता येते का, हा मोहम्मद हिदायतुल्ला यांचा सवाल होता. जनार्दन रघुनाथ मुधोळकर आणखी पुढे गेले. घटनेच्या मूळ वैशिष्ट्यांनाच हात घातला तर त्याला दुरुस्ती म्हणायचे की घटनेचा काही भाग नव्याने लिहिणे, असे त्यांनी विचारले. या शंका १९६७च्या गोलकनाथ आणि १९७३च्या केशवानंद भारती खटल्यांत पुन्हा वर आल्या, आणि मुधोळकरांच्या प्रश्नाला ‘मूलभूत संरचना’ हे उत्तर मिळाले.

हे दोघे एकाच न्यायालयातून आले होते. त्या न्यायालयाचे नाव नागपूर उच्च न्यायालय, आणि १९६४ साली ते अस्तित्वातच नव्हते.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. पुढे कित्येक दशके प्रांतातले अंतिम अपील ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टात चाले. कलकत्ता, मुंबई आणि मद्रासला १८६२ पासून उच्च न्यायालये होती. नागपूरला मात्र तो मान ९ जानेवारी १९३६ रोजी मिळाला. पहिले मुख्य न्यायमूर्ती सर गिल्बर्ट स्टोन. सिव्हिल लाइन्समधली घुमटाची देखणी इमारत १९४० मध्ये खुली झाली. तिचे वास्तुकार एच. ए. एन. मेड हे नवी दिल्लीतल्या कॅथेड्रल चर्चचेही वास्तुकार होते.

नागपूरहून दिल्लीकडे जाणारी न्यायाची वाटही याच सुमारास पडली. १९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झाले. तोवर प्रांतातल्या न्यायालयांवरचे अपील थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात असे. फेडरल कोर्टाकडे सल्ल्यासाठी आलेले पहिलेच प्रकरण मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे होते. प्रांताने १९३८च्या कायद्याने पेट्रोल आणि वंगणाच्या विक्रीवर बसवलेला कर हा अबकारी कर आहे का, एवढाच वाद होता. कोर्टाने प्रांताच्या बाजूने कौल दिला. 

नागपूरच्या पहिल्या न्यायमूर्तींत व्हिव्हियन बोस होते. नागपूरचे वकील सर बिपिन कृष्ण बोस यांचे हे नातू. केंब्रिजला शिकून आणि बॅरिस्टर होऊन ते नागपुरात वकिली करू लागले, १९२४ ते १९३० या काळात इथल्या कायदा महाविद्यालयाचे प्राचार्य राहिले आणि १९३० मध्ये प्रांत सरकारचे वकील झाले. १९३६ मध्ये ते उच्च न्यायालयात बसले, तेव्हा वय होते चव्वेचाळीस. भगवतीचरण शुक्ल खटल्यात त्यांनी एक कसोटी घालून दिली. शब्दांचा परिणाम जोखताना समंजस, खंबीर माणूस डोळ्यांपुढे ठेवायचा. प्रत्येक वाऱ्याला घाबरणारा नव्हे. १९८८ मध्ये फाळणीवरच्या ‘तमस’ मालिकेवर बंदी मागितली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली आणि बंदी नाकारली. बोस १९४९ मध्ये नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. निवृत्तीनंतर त्यांना काही काळ पुन्हा बोलावून घेण्यात आले. त्याच काळात, १९५८ मध्ये, त्यांनी विरसासिंह खटल्याचा निकाल लिहिला. खुनाच्या खटल्यात आरोपीच्या हेतूवर युक्तिवाद करणारा फौजदारी वकील आजही त्याचा आधार घेतो.

हिदायतुल्ला यांची चढणही याच पायऱ्यांवरून झाली. मॉरिस कॉलेज, केंब्रिजचे ट्रिनिटी, लंडनचे लिंकन्स इन आणि १९३० पासून नागपुरात वकिली. कायदा महाविद्यालयात त्यांनीही शिकवले. डिसेंबर १९४२ मध्ये ते सरकारी वकील झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये प्रांताचे अॅडव्होकेट जनरल. जून १९४६ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते अतिरिक्त न्यायाधीश झाले. सप्टेंबरात कायम झाले.

सरकारी वकिलाच्या खुर्चीला एवढे महत्त्व का, हे कोर्टात दोन दिवस बसले तरी कळते. खासगी वकील आपल्या अशिलापुरता उभा राहतो. सरकारी वकिलाला सकाळी जमिनीचा वाद, दुपारी फौजदारी अपील आणि मध्येच नोकरीतल्या बडतर्फीची याचिका सांभाळावी लागते, तीही रोज त्याच न्यायमूर्तींसमोर. तयारी किती, सचोटी किती, हरणारी बाजू कशी मांडतो, हे पीठाला वर्षानुवर्षे जवळून दिसते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूर राजधानी राहिले नाही. उच्च न्यायालय मध्य प्रदेशाबरोबर जबलपूरला गेले. १९५४ पासून मुख्य न्यायमूर्ती असलेले हिदायतुल्ला त्याच्यासोबत गेले, मुधोळकर मुंबई उच्च न्यायालयात आले. विदर्भ मुंबई राज्यात सामील झाला, आणि मेड यांच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ भरू लागले. हिदायतुल्ला १९५८ मध्ये दिल्लीला पोहोचले, मुधोळकर १९६० मध्ये. हिदायतुल्ला पुढे १९६८ ते १९७० सरन्यायाधीश होते. १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि पुढे हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर ते हंगामी राष्ट्रपतीही होते.

न्यायमूर्ती निवडणारे हात दरम्यान बदलत गेले. बोस यांची नेमणूक ब्रिटिश राजाच्या नावाने झाली होती. १९५० नंतर ती राष्ट्रपतींच्या सहीने होऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ आणि १९९८च्या निर्णयांनी खरी निवड न्यायमूर्तींच्या कॉलेजियमकडे आली. संसदेने त्याजागी आणलेला न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये रद्द केला. उच्च न्यायालयासाठी नावे सुचवतात मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती. नागपूरच्या वकिलाचे नाव त्यामुळे आता मुंबईतून पुढे जावे लागते.

तरी नावे जात राहिली. चंद्रपूरचे विकास सिरपूरकर १९९२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि मद्रास, उत्तराखंड, कलकत्ता असा प्रवास करून २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. शरद बोबडे यांच्या घरातच वकिली होती. वडील अरविंद बोबडे १९८०च्या दशकात महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. शरद बोबडे यांनी १९७८ मध्ये सनद घेतली आणि मार्च २००० मध्ये ते अतिरिक्त न्यायाधीश झाले. मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्तिपद भूषवून ते २०१३ मध्ये दिल्लीला गेले.

अमरावतीच्या भूषण गवई यांनी १९८५ मध्ये वकिली सुरू केली, तीही माजी महाधिवक्ता बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली. १९९० नंतर ते मुख्यतः नागपूर खंडपीठासमोर उभे राहिले. नागपूर आणि अमरावतीच्या महापालिकांची बाजू त्यांनी मांडली, १९९२-९३ मध्ये सहायक सरकारी वकील राहिले आणि जानेवारी २००० मध्ये सरकारी वकील झाले. नोव्हेंबर २००३ मध्ये ते अतिरिक्त न्यायाधीश झाले आणि दोन वर्षांनी कायम. कुठल्याही उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद न भूषवता मे २०१९ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. शिफारस करताना कॉलेजियमने गुणवत्ता आणि ज्येष्ठतेबरोबर आणखी एक गोष्ट नमूद केली होती: सुमारे दशकभरानंतर त्या न्यायालयात अनुसूचित जातीचा न्यायमूर्ती असणार होता.

या सगळ्यांत वयाचा हिशेब निर्णायक ठरतो. उच्च न्यायालयातून बासष्टाव्या वर्षी निवृत्ती, सर्वोच्च न्यायालयातून पासष्टाव्या. सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेने येते आणि ज्येष्ठता दिल्लीतल्या शपथेच्या तारखेपासून मोजली जाते. उच्च न्यायालयात बसताना बोबडे त्रेचाळीस वर्षांचे होते, गवई बेचाळीस. पण दिल्लीची शपथ हिदायतुल्ला यांनी बावन्नाव्या वर्षी घेतली, बोबडे यांनी छप्पन्नाव्या, गवई यांनी अठ्ठावन्नाव्या. सरन्यायाधीश म्हणून मिळालेला काळही त्याच क्रमाने उतरत गेला: हिदायतुल्ला यांना पावणेतीन वर्षे, बोबडे यांना सतरा महिने आणि १४ मे २०२५ रोजी शपथ घेतलेल्या गवई यांना जेमतेम सहा महिने.