अंगण राखणारे घर

नवे घर बांधावयाचे ठरले, की कुटुंबात पहिला वाद खोल्यांचा होतो. बैठक केवढी असावी, स्वयंपाकघर कोणत्या अंगाला घ्यावे, पाहुण्यांची सोय कोठे करावी? कागदावर रेघा पडू लागल्या म्हणजे मोकळी सोडलेली प्रत्येक जागा वाया गेल्यासारखी वाटते. त्या मोकळ्या जागेचे खरे मोल हैदराबादच्या इतिहासात पाहावयास मिळते.

जुन्या हैदराबादेतील अमीर-उमरावांच्या देवड्या उघड्या चौकांभोवती रचलेल्या असत. बाहेर मर्दाना, म्हणजे पुरुषांची व आल्यागेल्यांची बाजू. आत जनाना, म्हणजे स्त्रियांची बाजू. मध्ये सहन, आणि त्याच्या कडेने दालाने. महाराष्ट्रातील वाड्यात ओसरी, माजघर व स्वयंपाकघर ज्याप्रमाणे चौकाच्या आश्रयाने राहतात, तोच हा प्रकार होय. नावे निराळी, चालीरीती निराळ्या. परंतु दख्खनचे ऊन दोघांनाही सारखेच. चौकामुळे आतल्या खोल्यांत उजेड व वारा येई आणि उन्हाळ्याच्या रात्री तोच घरातील शेजघर होई.

गरिबांच्या दाट वस्तीत ही सोय कोठून असणार? तेथे भिंतीला भिंत भिडलेली आणि खोलीमागे अंधारी खोली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे दगावली, हजारो घरे जमीनदोस्त झाली. पुरापासून शहर वाचविण्यासाठी विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेण्यात आला आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. पण धरणाने नदी अडते, कोंदट घरातील रोगराई अडत नाही. १९११ साली शहरात प्लेग पसरला आणि हे सत्य सर्वांच्या ध्यानी आले. मुंबईत प्लेगच्याच धसक्याने १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला होता. हैदराबादेत १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले.

मंडळाने कोंदट वस्त्या हटवून रस्ते आखले, घरांच्या रांगा बांधल्या आणि भाडेकरूच्या ऐपतीनुसार घरांचे निरनिराळे वर्ग ठरविले. त्यांतील विशेष हा, की साध्या घरातही भिंतीआडचे अंगण राखण्यात आले. मोठ्या खिडक्या रस्त्याकडे उघडाव्यात, तर पडदा पाळणाऱ्या स्त्रीची अडचण. त्या बंद कराव्यात, तर उजेड नाही. आरोग्य आणि रीत यांचा हा तंटा अंगणाने मिटविला. बाहेर पडण्याची मुभा नसलेल्या स्त्रीला घरातल्या घरात ऊन व आकाश मिळाले.

आता पडद्याची रीत पुष्कळ सैल झाली आहे आणि बैठ्या घरांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत. तरीही दिवसभर घरात असणारी माणसे आहेतच: स्वयंपाक करणारी गृहिणी, म्हातारी माणसे, तान्ही मुले. पुष्कळ नकाशांत दर्शनी, हवेशीर खोली पाहुण्यांसाठी राखली जाते आणि या माणसांच्या वाट्याला मागची अंधारी बाजू येते. म्हणून आखणी करताना किती खोल्या बसतील हे मागाहून मोजावे. घरात सर्वांत अधिक वेळ कोण राहणार, आणि त्याला उजेड व वारा कोठून मिळणार, याचा निर्णय प्रथम करावा. अंगणाला जागा नसेल, तर निदान सज्जा किंवा उजेडाची खिडकी त्याच्या वाट्याला यावी.